हेडलाइटच्या आत ओल धरतेय – किती चालतं, कधी काळजी करायची?

घाटवळण | १४ जुलै, रात्री १०:४०

मंडळी, गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर निम्मे प्रतिसाद "ती गाडी घेतलीच कशाला" यावरच जातील. अडीच वर्षांची आहे, एलईडी हेडलाइटवाली, अजून वॉरंटीत. जूनच्या शेवटी ताम्हिणीतून कोकणात जाऊन आलो, पाऊस म्हणजे अक्षरशः कोसळत होता, आणि तेव्हापासून उजव्या हेडलाइटला आतून ओल दिसायला लागली. आधी वाटलं बाहेरून आहे, फडक्याने पुसलं तर जाईना. सकाळी कोपऱ्यात धुकं असतं, दुपारी चुकून ऊन पडलं तर कमी होतं, संध्याकाळी परत हजर. आता तर खालच्या कडेला चांगले टपोरे थेंब लोंबताना दिसतात. डावा लाइट कोरडा ठणठणीत.

सर्व्हिस सेंटरला नेली तर अ‍ॅडव्हायझरने मॅन्युअलचं पान उघडून दाखवलं, लाइटच्या आत बाष्प जमणं नैसर्गिक आहे म्हणे, आपोआप जाईल. शेजारचे काका म्हणतात काचेच्या कडेने गोल सगळीकडून सिलिकॉन मार, विषय संपला. व्हिडिओत एक जण ड्रिल घेऊन खाली भोक पाडतोय. नक्की कोणाचं ऐकू?

झंप्या | १४ जुलै, रात्री १०:५२

दोन गप्पी मासे सोडा, डासांचा प्रश्न तरी मिटेल.

शंकासूर | १४ जुलै, रात्री ११:०५

माझ्याकडे पण सेम, पण दोन्ही लाइटला. आणि फक्त गाडी धुतल्यावर. पाच-दहा मिनिटं चालवली की गायब. हे तुमच्यासारखंच आहे का वेगळं?

बुलेटराव | १४ जुलै, रात्री ११:३०

काका बरोबर सांगतायत. सिलिकॉन मारा, दीडशे रुपयांची ट्यूब येते. हवाच आत गेली नाही तर पाणी कुठून जाणार, साधा हिशोब आहे. शोरूमवाल्यांच्या नादी लागलात तर अख्खी असेंब्ली गळ्यात मारतील.

चाकणवासी | १५ जुलै, सकाळी ७:१५

बुलेटराव, थांबा थांबा. मी बरीच वर्षं लाइट बनवणाऱ्या सप्लायरकडे काम केलंय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, कारण सिलिकॉनचा सल्ला ऐकून दरवर्षी लोक चांगले लाइट घालवतात.

हेडलाइट हवाबंद डबा नसतो. तो तसा बनवतच नाहीत. मागच्या बाजूला ब्रीदर, म्हणजे हवा ये-जा करायच्या वाटा, असतात, शक्यतो एकापेक्षा जास्त, एक वर एक खाली असे लांब लांब ठेवतात म्हणजे आतली हवा खेळती राहते. कुठे रबरची वाकडी नळी असते, कुठे आत फोम भरलेली टोपी, आणि नवीन गाड्यांत पीटीएफईची (टेफलॉनची) पातळ चकती चिकटवलेली असते जिच्यातून हवा आणि बाष्प जातं पण पाण्याचा थेंब जात नाही. लाइट लागला की आतली हवा तापते, फुगते, बाहेर जाते. बंद केला की थंड होते, बाहेरची हवा आत घेते. पावसाळ्यात ती बाहेरची हवा मुळातच ओली, म्हणजे थोडं बाष्प आत जाणारच. काच हा त्या डब्याचा सगळ्यात थंड भाग, त्यात रात्री मोकळ्या आभाळाखाली गाडी असेल तर अजून थंड, मग बाष्प तिथेच बसतं. पावसात भिजून चहाच्या टपरीत शिरलं की चष्म्यावर येतं तसलंच हे प्रकरण आहे. त्यामुळे मॅन्युअलमधलं वाक्य खोटं नाही, जवळजवळ सगळ्याच कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये ते असतं.

पण! त्या वाक्याचा उरलेला अर्धा भाग अ‍ॅडव्हायझर लोक वाचून दाखवत नाहीत. साधारण असं लिहिलेलं असतं की मोठे थेंब दिसले किंवा आत पाणी साठलं तर गाडी दाखवा.

आता हिशोब करा. मोठ्या गाडीच्या हेडलाइटच्या आत समजा दहा लिटर हवा आहे. ३० अंशाला पूर्ण भिजलेल्या एक घनमीटर हवेत साधारण ३० ग्रॅम पाणी मावतं, २० अंशाला १७ ग्रॅम. म्हणजे दहा लिटरमध्ये ३० अंशाला ०.३ ग्रॅम, आणि रात्रीत २० अंशापर्यंत उतरलं तर त्यातलं सुटलं किती, तर ०.१३ ग्रॅम. दोन-तीन थेंब फक्त! काचेवर बारीक धुकं पसरवायला तेवढे पुरतात, दिसायला भयंकर दिसतं, पण गोळा केलं तर चमचासुद्धा भरणार नाही. काच आणि हाउसिंग (लाइटचा मागचा डबा) यांचं प्लास्टिक स्वतः थोडी ओल धरून ठेवतं, ते धरलं तरी हिशोब ग्रॅम-दोन ग्रॅमच्या पुढे जात नाही. त्यामुळे आत टपोरे थेंब लोंबत असतील, ओघळ आलेले असतील, तळाला पाणी हलताना दिसत असेल तर ते हवेतून आलेलं नाही, पाणी पाणी म्हणूनच आत गेलंय. कुठेतरी वाट आहे.

शंकासूर, तुमचं नैसर्गिक आहे, सोडून द्या. घाटवळण, एकाच बाजूला आणि टपोरे थेंब, तुमचं मला नैसर्गिक वाटत नाही.

अनुराधा_जो | १५ जुलै, सकाळी ९:२०

चाकणवासी, छान लिहिलंत. सिलिकॉनबद्दल मी थोडी भर घालते, शाळेत भौतिकशास्त्र शिकवते त्यामुळे हात शिवशिवतात 😀

समजा काकांच्या सल्ल्याने सगळं बंद केलं, ब्रीदरसकट. लाइट चालू असताना आतली हवा ६० अंशाला आहे, आणि पावसाचा सपकारा येऊन ती ३० ला आली. केल्विनमध्ये ३३३ वरून ३०३, म्हणजे दाब साधारण ९ टक्क्यांनी उतरणार. ९ टक्के ऐकायला किरकोळ वाटतं, पण वातावरणाच्या दाबाचे ९ टक्के म्हणजे जवळपास ९० सेंटीमीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढी ओढ झाली. तुमच्या सिलिकॉनमध्ये केसाएवढी फट राहिली असेल, आणि घरी हाताने मारलेल्यात ती राहतेच, तर बाहेरचं पाणी त्या फटीतून आत खेचलं जाणार. आणि एकदा आत गेलं की बाहेर पडायला वाट नाही कारण ब्रीदर तुम्हीच बुजवलात. म्हणजे बुलेटराव, हवा आत गेली नाही तर पाणी कुठून जाणार, तर हवा जात नाही म्हणूनच पाणी जातं.

बुलेटराव | १५ जुलै, सकाळी ९:४१

बाई, मी अकरावीलाच कॉमर्स घेतलं ते याच साठी. पण माझ्या आधीच्या गाडीला मारलं होतं, काही झालं नाही बुवा.

चाकणवासी | १५ जुलै, सकाळी ९:५८

कडेने मारलं असेल, मागचा ब्रीदर उघडा राहिला असेल, म्हणून वाचलात. शिवाय जुन्या गाडीला हॅलोजन असणार. ५५ वॉटच्या बल्बची बरीचशी उष्णता पुढे काचेवर पडते, धुकं असलं तरी वाळून जातं. एलईडीत उष्णता चिपच्या मागे हीटसिंककडे (उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाकडे) जाते आणि काच गारच राहते. म्हणून नवीन गाड्यांत ही तक्रार जास्त ऐकू येते, लाइट वाईट बनतात असं नाही. काही लाइटमध्ये एलईडीच्या पंख्याची गरम हवा मुद्दाम काचेकडे वळवतात, काहींना आतून धुकं न धरणारा लेप असतो. पण लेप म्हणजे जादू नव्हे, फार पाणी झालं की त्यावरही ओघळ उठतात आणि वाळल्यावर त्याचे डाग राहतात ते कायमचे.

उत्तरध्रुव | १५ जुलै, सकाळी १०:३०

काच गार राहते याला कॅनडातून जोरदार अनुमोदन. आमच्याकडे हिवाळ्यात एलईडी हेडलाइटवर बर्फ चिकटून बसतो, वितळतच नाही, हायवेवर मध्येच थांबून हाताने खरवडावा लागतो. जुन्या हॅलोजनवाल्या गाडीला हा त्रास कधीच नव्हता. बाकी आतल्या ओलीची तक्रार इथेही आहे, तेच मॅन्युअल, तेच पान, तेच उत्तर.

वायरमन_इचलकरंजी | १५ जुलै, दुपारी २:१०

नमस्कार. आमचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान हाय, पावसाळ्यात रोज दोन-तीन गाड्या याच कामाला येत्यात म्हणून लिवतो, चुकलं तर सांगा. साहेब लोकांनी शास्त्र सांगितलं ते बरोबरच हाय पण आमच्या हातात गाडी आली की आम्ही पयलं मागचं झाकण बघतो, दहातल्या निम्म्या गाड्यांत तिथंच सापडतंय. बल्ब बदलल्यावर डस्ट कॅप नीट फिरवून बसवलेली नसती, नायतर तिची ओ-रिंग पिळवटून बसलेली असती, नायतर रबरी बूट असल तर त्याची कड एका बाजूनं दुमडलेली असती आणि वरनं बघितलं तर काय दिसत न्हाई, हात घालून कडेनं बोट फिरवल्याशिवाय कळत न्हाई. आणि ती बाहेरनं आणून लावलेली एलईडी, ती तर आमची रोजीरोटीच हाय म्हणा, मागं पंखा असतोय म्हणून कॅप बसत न्हाई मग पोरं कॅपला मधी गोल भोक पाडत्यात आणि वायर बाहेर काढत्यात, झालं, चिखल पाणी सगळं सरळ आत. हॅलोजनसाठी पास झालेल्या लाइटात ती घालणं कायद्यात बी बसत न्हाई आणि समोरच्याच्या डोळ्यात जातंय ते वेगळंच.

दुसरं म्हणजे वॉशिंग सेंटर. प्रेशर पंपाचं नोझल काचेच्या शिवणीवर जवळनं धरायचं न्हाई आणि बॉनेट उघडून लाइटच्या मागं तर मारायचंच न्हाई. तिसरं म्हणजे बंपर ठोकलेला असल आणि डेंटरनं काढून परत बसवला असल तर लाइटचे कान बघा, कान म्हणजे जिथं बोल्ट बसतोय ते. कान तुटला की लोक एमसील लावून चिकटवत्यात पण कानाच्या बुडात हाउसिंगला बारीक चीर गेलेली असती ती कुणी बघत न्हाई.

घाटवळण | १५ जुलै, दुपारी ३:०२

वायरमन दादा, शेवटच्या मुद्द्यावर माझे कान टवकारले. गेल्या दिवाळीत पार्किंगमध्ये कुणीतरी पुढून ठोकून गेलं होतं, बंपर काढून रंगवला होता बाहेरच्या गॅरेजमध्ये. लाइटला काही झालेलं दिसलं नव्हतं.

वायरमन_इचलकरंजी | १५ जुलै, दुपारी ३:१५

मग लाइट काढल्याशिवाय कळणार न्हाई. बॉनेटमधनं टॉर्च मारून बघा वरच्या कानाला, दिसलं तर दिसलं.

चिपळूणचा_बापू | १५ जुलै, सायंकाळी ६:४४

तुमच्याकडे नुसती ओल, आमच्याकडे २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा गाड्याच्या गाड्या बुडाल्या. माझ्या गाडीच्या हेडलाइटमध्ये पाणी उतरल्यावर बोटभर गाळ राहिला होता. रिफ्लेक्टर धुवायला गेलो तर वर्कशॉपच्या मुलाने हात धरला. म्हणाला काका, फडकं लावू नका, चकाकी निघून येईल. आणि खरंच, दुसऱ्या एकाने साबण लावून पुसला तर त्याचा रिफ्लेक्टर काळाकुट्ट झाला. पुरात बुडालेला लाइट वाचवायच्या फंदात पडू नये असं माझं मत झालंय, बाकी कमीजास्त ओल असेल तर वाचतो.

चाकणवासी | १५ जुलै, सायंकाळी ७:०५

बापू, त्या पोराला शंभर गुण. रिफ्लेक्टरवरची चकाकी म्हणजे निर्वात चेंबरमध्ये चढवलेला अ‍ॅल्युमिनियमचा अतिशय पातळ थर असतो, बोटाने घासलं तरी ओरखडा येतो. आत कधीही कापड, टिश्यू, काडीला गुंडाळलेला कापूस काही घालायचं नाही. वाळवायचं असेल तर फक्त हवा.

पिवळाधमक | १५ जुलै, रात्री ८:३०

धाग्यात घुसतोय, माफ करा. माझ्या गाडीच्या हेडलाइटच्या काचा पिवळ्या आणि पांढुरक्या पडल्यात, टूथपेस्टने जातात का?

शंकासूर | १५ जुलै, रात्री ८:३७

ते बाहेरून आहे हो, उन्हाने. यासाठी वेगळा धागा काढा ना. (टूथपेस्टने महिनाभर बरं दिसतं, मग परत जैसे थे, कारण वरचा उन्हापासून वाचवणारा लेपच गेलेला असतो.)

मांडवीकाठ | १५ जुलै, रात्री ९:१०

पणजीहून. आमच्याकडे खारं वारं असतं त्यामुळे मला लाइटच्या काचेपेक्षा कनेक्टरची भीती जास्त. टेललॅम्पमध्ये ओल राहिली की होल्डरच्या पट्ट्यांवर हिरवा गंज चढतो. माझ्या जुन्या गाडीत ब्रेक दाबला की इंडिकेटर पण मिणमिणायचा, सगळे म्हणायचे वायरिंगचा शॉर्ट. शेवटी निघाला काय तर टेललॅम्पची अर्थिंगची पट्टी कुजलेली, करंट दुसऱ्या बल्बमधून वाट शोधत होता. पट्टी घासून साफ केली, होल्डरचं रबर बदललं, झालं काम.

आणि टेललॅम्पमागचा फोमचा गास्केट बघत चला सगळ्यांनी, तो वाळला की पाणी लाइटमध्ये न जाता डिकीत जातं. स्टेपनीखाली तळं झालेलं लोकांना चतुर्थीला सामान भरताना कळतं.

अनुराधा_जो | १५ जुलै, रात्री ९:३५

एक प्रश्न चाकणवासींना. ब्रीदरच तुंबला असेल तर? म्हणजे कुणी सिलिकॉन न मारताही?

चाकणवासी | १५ जुलै, रात्री १०:२०

अगदी मुद्द्याचं विचारलंत. होतं तसं, आणि आपल्याकडे बऱ्याचदा. रबरी नळीच्या ब्रीदरमध्ये कोळी जाळं करतो, आणि कुंभारीण माशी तर नळी दिसली की चिखल भरून घर बांधते. उन्हाळाभर उभ्या असलेल्या गाडीत हे फार. चकतीवाल्या ब्रीदरचं दुखणं वेगळं. ती चकती पाणी अडवते पण साबणाच्या पाण्याने किंवा इंजिन साफ करायच्या डिग्रीझरने भिजली की तिचा पाणी अडवायचा गुण कमी होतो, तेल किंवा पॉलिश बसलं तर हवा जायची बंद होते. बॉनेटखालच्या इंजिनच्या कप्प्याला फेस मारून चकाचक करून देणारे जे पॅकेज असतात ना, ते घेताना लाइटच्या मागे प्लास्टिक गुंडाळायला सांगा. मी तर घेतच नाही, बॉनेटखाली कोण बघायला येतंय.

आणि भोक पाडायच्या व्हिडिओबद्दल राहिलंच. जुन्या काही फॉगलॅम्पना खालून निचऱ्याचं भोक कंपनीतूनच असायचं, त्यामुळे कल्पना येडपट नाही. पण हेडलाइटच्या तळाशी एलईडीचा ड्रायव्हर (तिला करंट पुरवणारं सर्किट) बसवलेला असू शकतो, ड्रिल त्यात गेलं तर संपलं. शिवाय पाणी निघेल तिथून धूळही येईल आणि साचलेल्या पाण्यातून गाडी घातली तर तेच भोक पाणी ओढेल. वॉरंटी तर त्याच क्षणी गेली.

पाण्यातून गाडी घालण्यावरून आठवलं, कॉजवेवर पाणी असेल आणि जाणं भागच असेल तर त्याआधी फॉगलॅम्प बंद करून जरा थांबा. तापलेला फॉगलॅम्प थंड पाण्यात बुडाला की अनुराधाताईंनी सांगितलेली ओढ तिथे सगळ्यात जोरात लागते, काच तडकली तर वेगळंच.

झंप्या | १५ जुलै, रात्री १०:३१

पाणी असेल तर जाऊच नका की.

चाकणवासी | १५ जुलै, रात्री १०:३३

ते तर पहिलं.

घाटवळण | १९ जुलै, रात्री ९:१५

अपडेट देतो. टॉर्च मारून वरून काही दिसलं नाही. मग चाकणवासींचा हिशोब कागदावर लिहून सर्व्हिस सेंटरला गेलो, मॅनेजरला भेटलो, म्हटलं हवेतून दोन-तीन थेंब येतात, हे बघा किती आहे. सकाळी काढलेले फोटो दाखवले, त्यात थेंब आणि खालच्या कडेची पाण्याची रेघ स्पष्ट होती. आधी नेहमीचंच सुरू झालं, पण फोटो दोन्ही लाइटचे शेजारी शेजारी होते म्हणून असेल, शेवटी बंपर सैल करून लाइट बाहेर काढायला तयार झाले.

वायरमन दादा, तुमचे पाय धरतो. मागच्या बाजूला आतल्या कानाच्या बुडाशी नखाएवढी चीर. कान तुटलेला नव्हता, नुसता पांढरा पडला होता. आणि खालच्या ब्रीदरची टोपीच जागेवर नाही, बंपर काढ-घाल करताना पडली असणार असं ते म्हणतात, आमच्याकडे नाही झालं हे पण लगेच जोडलं. मग पुढचं आलंच, चीर म्हणजे बाहेरचा मार, वॉरंटीत बसत नाही, नवीन असेंब्ली घ्या. आकडा ऐकून घाम फुटला, चांगला पाच आकडी आहे आणि पहिला आकडा एक नाही. इन्शुरन्समध्ये जाईल का कुणी सांगेल?

सर्व्हेअर_रावसाहेब | १९ जुलै, रात्री १०:०२

याच क्षेत्रात आहे. नुसती ओल, बाष्प, पाणी गळणं हे क्लेममध्ये येत नाही, झीज आणि बिघाड पॉलिसीत वगळलेले असतात. अपघाताने फुटला असेल तर येतो, पण अपघात कळवायचा असतो वेळेत, दिवाळीतला मार जुलैत सांगितलात तर सर्व्हेअर पहिला प्रश्न तोच विचारणार. खोटी तारीख घालायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, गॅरेजमध्ये बंपर रंगवल्याचं बिल असेलच. समजा क्लेम बसला असता तरी साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या पार्टवर ५० टक्के घसारा कापतात, झीरो डेप (घसारा न कापणारी पॉलिसी) असेल तर नाही. आणि वर नो क्लेम बोनस जातो तो वेगळा. या रकमेला मी तरी दुरुस्तीच बघितली असती.

बुलेटराव | १९ जुलै, रात्री १०:२०

पुण्यात नाना पेठेत जाऊन सेकंडहँड बघा एखादा. अपघातातल्या गाड्यांचे चांगले लाइट मिळतात. (यावेळी सिलिकॉन म्हणालो नाही, नोंद घ्यावी.)

वायरमन_इचलकरंजी | २० जुलै, सकाळी ८:३०

साहेब नवीन घेऊ नका एवढ्यासाठी. चीर मागं हाय, काचेला न्हाई, म्हणजे काम सोपं हाय. पण आधी वाळवायचं, मग बुजवायचं, उलटं केलं तर ओल आत कोंडती. लाइट बाहेर काढला की सगळ्या कॅपा उघडा, पाणी तिरकं धरून जेवढं निघतंय तेवढं काढा, उन्हात ठेवा, भोकांवर पातळ मलमलचं कापड बांधा नायतर किडं जात्यात. ऊन नसल तर हेअर ड्रायर, कमी गरम, लांबनं, एका जागी धरायचा न्हाई. हीट गन नको, प्लास्टिक वाकतंय. हे घाईचं काम न्हाई, बाष्प दिसायचं बंद झालं तरी अजून एक दिवस तसंच ठिवा.

मग चीर. हाउसिंग पीपीचं म्हंजे पॉलिप्रोपिलीन प्लास्टिकचं असतंय, त्याला फेविक्विक, एमसील काय धरत न्हाई, चार महिन्यांनी सुटतंय. प्लास्टिक वेल्डिंगवाल्याकडनं पीपीची कांडी लावून वेल्ड करून घ्या, बंपर वेल्ड करणारी पोरं करत्यात ते. ब्रीदरची टोपी मात्र ओरिजिनल मागवा, शोरूमला सुटी मिळत नसल तर दुसऱ्या मॉडेलची त्याच मापाची बघा, पण जागा उघडी ठेवायची न्हाई आणि टेप मारून बुजवायची बी न्हाई.

शंकासूर | २० जुलै, सकाळी ९:१२

बसवायच्या आधी कळणार कसं की अजून कुठून गळत नाही? परत बंपर काढायचा म्हणजे मजुरी परत.

चाकणवासी | २० जुलै, सकाळी ९:४५

कारखान्यात लाइटचे ब्रीदर बंद करून आत अगदी कमी दाबाची हवा भरतात आणि दाब उतरतो का बघतात. घरी त्याचंच गावठी रूप करता येतं. लाइटमध्ये पाणी जाऊ द्यायचं नाही म्हणून बादलीत बुडवू नका. ब्रीदर आणि कॅपा लावून बंद करा, एका ब्रीदरच्या जागी नळी लावून तोंडाने हलकेच फुंका, आणि दुसऱ्या माणसाने ब्रशने शिवणीवर आणि वेल्डवर साबणाचा फेस लावत जायचं. बुडबुडे आले तिथे गळती. फेस चकतीवाल्या ब्रीदरला लागू देऊ नका, कारण वर लिहिलंय. आणि कंप्रेसर अजिबात नको, काचेची शिवण दाबाने उचलली गेली तर होतं नव्हतं तेही गेलं.

शिवणीतूनच बुडबुडे आले तर मात्र विचार करा. काही हेडलाइटची काच ब्युटाइलने (चिकट रबरी सीलंटने) चिकटवलेली असते, ती गरम करून उघडता येते आणि नवीन ब्युटाइलची दोरी घालून परत बसवता येते. काहींना पक्कं होणारं पॉलियुरेथेन असतं, ती उघडताना काच तुटते. टेललॅम्पची तर काच आणि हाउसिंग बहुतेक वेळा एकमेकांना वेल्डच केलेली असतात, त्या उघडायच्या भानगडीत पडूच नये.

अनुराधा_जो | २० जुलै, सकाळी १०:१५

आणि ते सिलिका जेलच्या पुड्या आत टाकायचं काय? आमच्या स्टाफरूममध्ये एकाने बुटाच्या खोक्यातल्या गोळा करून टाकल्यात.

चाकणवासी | २० जुलै, सकाळी १०:२८

लाइट बाहेर असताना वाळवायला चांगल्या. आत ठेवून गाडी चालवली तर पुडी फिरत राहते, रिफ्लेक्टरला घासते, हॅलोजन असेल तर बल्बला चिकटून जळते. शिवाय ब्रीदर उघडा असताना पुडी आख्ख्या महाराष्ट्राची हवा वाळवायला बसते, थोड्या दिवसांत भरून निकामी.

घाटवळण | २ ऑगस्ट, रात्री ८:५०

झालं काम. वेल्डिंग हडपसरच्या एका मुलाने केलं, बंपर वेल्ड करतो तोच, त्याला आधी साबणाची टेस्ट करायची आहे म्हटल्यावर तो माझ्याकडे असा काही बघायला लागला, पण नळीत फुंकायला तोच पुढे. पहिल्या खेपेला वेल्डच्या टोकाला बारीक बुडबुडे आले, तिथे परत कांडी लावली, मग काही नाही. ब्रीदरची टोपी शोरूमला सुटी नाहीच, नाना पेठेत एका दुकानात मापाची मिळाली, किंमत सांगितली तर मॅनेजर रडेल. सगळं मिळून असेंब्लीच्या दहाव्या भागातही आलं नाही.

काल-परवा मुसळधार होता तेव्हा मुद्दाम खंबाटकी-पसरणी करून आलो. सकाळी कोपऱ्यात तळहाताएवढं पातळ धुकं होतं, ऑफिसला पोचेपर्यंत गेलं. डाव्या लाइटलाही तेवढंच होतं.

चाकणवासी | २ ऑगस्ट, रात्री ९:०५

डाव्यालाही तेवढंच, हे सगळ्यात बरं लक्षण.

वायरमन_इचलकरंजी | २ ऑगस्ट, रात्री ९:२०

झ्याक. आता एकच राहिलं, लाइट काढून बसवला म्हणजे त्याची पातळी हाललेली असणार. सपाट जागी भिंतीसमोर गाडी लावा, टायरची हवा बरोबर पायजे आणि गाडीत एक माणूस बसलेला पायजे, लो बीम लावा. भिंतीला अगदी चिकटून असताना प्रकाशाची वरची रेघ कुठं येती तिथं खडूनं खूण करा, मग दहा मीटर मागं घ्या. रेघ खुणंपेक्षा साधारण दहा सेंटीमीटर खाली यायला पायजे. वर आली तर समोरच्यांच्या शिव्या खाल. तुमच्या गाडीला मॉडेलपरमाणं आकडा थोडा वेगळा असल तर लाइटजवळच्या स्टिकरवर टक्क्यात लिवलेला असतोय, एक टक्का म्हणजे दहा मीटरला दहा सेंटीमीटर.

मांडवीकाठ | ३ ऑगस्ट, सकाळी ७:५०

वायरमन दादा, टेललॅम्पचा फोम गास्केट सुटा मिळत नाहीये. ब्युटाइलची टेप लावली तर चालेल का?

वायरमन_इचलकरंजी | ३ ऑगस्ट, सकाळी ८:१५

चालतंय की. जुना फोम आणि गोंद पूर्ण खरवडून काढा, बॉडी पेट्रोलनं पुसून वाळू द्या, टेप बोल्टच्या बाहेरनं गोल फिरवा आणि जोड वरच्या बाजूला न ठेवता खाली घ्या. लाइट आवळताना नट आलटून पालटून आवळा, एकच आवळत बसलात तर काच तडकती. मग डिकीत एकाला बसवून बाहेरनं पाइपनं पाणी मारा, आतून टॉर्च.

झंप्या | ३ ऑगस्ट, सकाळी ८:२२

डिकीत बसायला मेव्हण्याला बोलवा.

मांडवीकाठ | ३ ऑगस्ट, सकाळी ८:४०

मेव्हणा रविवारी येतोच आहे. दादा, ब्युटाइलची टेप किती जाडीची घेऊ?

वायरमन_इचलकरंजी | ३ ऑगस्ट, सकाळी ८:५५

जुना फोम दाबला जाऊन जेवढा उरलाय त्याच्या दीडपट. तीन मिलिमीटरची सहसा पुरती.